प्लग, दाब आणि कंप्रता : परदेशी प्रवाशाच्या एका अडचणीचा इतिहास

१. तीन भेद

मुंबईहून निघून लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क आणि टोकियो अशी चार शहरे पाहणाऱ्या प्रवाशाजवळचा तीन गोल पिनांचा भारतीय प्लग या चारपैकी एकाही शहरात नीट उपयोगी पडत नाही. लंडनच्या भिंतीत तीन चौकोनी भोके असतात. पॅरिसच्या सॉकेटात दोन गोल भोके असून तिसरी पिन सॉकेटातूनच बाहेर आलेली असते. न्यूयॉर्कमध्ये दोन उभ्या चिरा व बहुधा त्यांच्या जोडीला एक गोलसर भोक असते. टोकियोतील सॉकेट न्यूयॉर्कच्या सॉकेटासारखेच दिसते, आणि प्रवाशाची खरी फसगत होण्याचा संभव येथेच असतो. न्यूयॉर्कमध्ये विद्युत् दाब १२० व्होल्ट असून प्रवाहाची आवर्तने दर सेकंदास ६० असतात. टोकियोत दाब १०० व्होल्ट व आवर्तने ५० असतात. भारतात हेच आकडे २३० व ५० असे आहेत.

या साध्या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की प्रवाशाच्या मार्गात एक नव्हे तर तीन भेद उभे असतात : प्लगाच्या आकृतीचा, विद्युत् दाबाचा आणि कंप्रतेचा. बाजारात मिळणारा अ‍ॅडॅप्टर यांपैकी केवळ पहिल्या भेदावरचा उपाय होय. तो एका आकृतीची पिन दुसऱ्या आकृतीच्या भोकाशी जोडून देतो. दाबात तिळमात्र फरक करीत नाही. दाब बदलण्यास रोहित्र म्हणजे ट्रान्स्फॉर्मर लागतो. आणि कंप्रतेवर तर साधे रोहित्रही चालत नाही. ११० व्होल्टसाठी बनविलेली १,००० वॅटची पाणी तापविण्याची कॉइल अ‍ॅडॅप्टरच्या साहाय्याने २२० व्होल्टच्या सॉकेटात खोचल्यास प्रवाह दुप्पट होतो आणि उष्णता चौपट, म्हणजे ४,००० वॅट, होऊ पाहते. कॉइल जळून जाते. उलट २२० व्होल्टची तशीच कॉइल ११० व्होल्टवर केवळ २५० वॅट देते व पाणी कोमटच राहते. ६० आवर्तनांवर चालणारे विजेचे घड्याळ योग्य दाब देऊनही ५० आवर्तनांवर लावले, तर ते दर तासास १० मिनिटे मागे पडते.

आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगाच्या सूचीत प्लगांचे ‘ए’ पासून ‘ओ’ पर्यंत १५ प्रकार नोंदलेले आहेत. हा आयोग १९०६ साली लंडन येथे स्थापन झाला. म्हणजे जगातील बहुसंख्य घरांत वीज पोहोचण्यापूर्वीच एकवाक्यतेची संस्था अस्तित्वात आली होती. असे असता हे भेद का राहिले, हा प्रश्न तंत्रविद्येच्या इतिहासात विचारण्याजोगा आहे. राष्ट्राभिमान किंवा बेफिकिरी ही सर्वसाधारणपणे दिली जाणारी उत्तरे अपुरी आहेत. विजेची व्यवस्था ही एकावर एक रचलेल्या थरांची असते, आणि प्रत्येक थराचे आयुष्य वेगळे असते. उपकरण काही वर्षांत बदलते. घराच्या भिंतीतील तारा एखाद्या पिढीनंतर बदलतात. संपूर्ण प्रदेशाचा दाब व कंप्रता शतकातही बदलत नाहीत. जो थर दीर्घायुषी, तो बदलण्याचा खर्च मोठा. आणि तो खर्च कोणी उचलावयाचा याचे उत्तर जेथे मिळाले, तेथेच एकवाक्यता झाली. पुढील विवेचनात हेच दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२. दिव्याच्या काळातील दाब आणि प्लगाचा जन्म

विद्युत्पुरवठा आधी आला आणि प्लग मागाहून आला. १८८२ च्या जानेवारीत लंडनमधील होलबर्न व्हायाडक्ट येथे व त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे एडिसनची वीजकेंद्रे सुरू झाली. या केंद्रांतून विकला जाणारा माल म्हणजे वस्तुतः प्रकाश होता. सुमारे ११० व्होल्ट हा दाब ठरला तो दिव्यावरून. दाब कमी ठेवावा तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो व तांब्याच्या जाड तारा घालाव्या लागतात. दाब वाढवावा तर त्यावेळची कार्बनची तंतुतार टिकत नाही. या दोन अडचणींच्या मधला मार्ग शंभराच्या आसपास सापडला, आणि तारांमध्ये होणारी घट जमेस धरून केंद्रात तो थोडा अधिक ठेवण्यात आला. एका विशिष्ट दिव्याच्या गुणधर्मावरून ठरलेला हा आकडा तो दिवा नाहीसा झाल्यावरही अमेरिकेत टिकून राहिला, कारण तोपर्यंत लक्षावधी घरांतील दिवे व उपकरणे त्यावर अवलंबून झाली होती.

युरोपात विजेचा प्रसार तुलनेने मागाहून झाला आणि या मागे राहण्याचाच त्या खंडास लाभ झाला. दाब दुप्पट केल्यास तेवढीच शक्ती निम्म्या प्रवाहाने पोहोचते व त्याच तारेतील उष्णतेच्या रूपाने होणारा व्यय चतुर्थांशावर येतो. बर्लिनच्या वीजकंपनीने १८९९ च्या सुमारास २२० व्होल्टचा स्वीकार करून जमिनीखालील त्याच तारांतून अधिक ग्राहकांस वीज देण्याची सोय करून घेतली; ग्राहकांची जुनी उपकरणे बदलण्याचा भार सोसूनही कंपनीस हा व्यवहार फायद्याचा होता. ग्राहक थोडे होते म्हणूनच तो शक्य झाला. अमेरिकेतील ११० आणि युरोपातील २२० यांतील अंतर असे मुख्यतः काळाचे अंतर आहे.

त्या काळच्या घरांत भिंतीवर सॉकेट नसे. छतातून लोंबणारा दिव्याचा होल्डर हेच विजेचे एकमेव द्वार होते. विजेची इस्त्री, पंखा, पाणी तापविण्याचे भांडे ही साधने विक्रीस आली तेव्हा दिवा काढून त्यांची तार त्या होल्डरातच बसवावी लागे. अमेरिकेत होल्डर आट्यांचा असल्याने तार गुंडाळली जाई व पीळ पडे. हार्व्ही हबेल या कारखानदाराने १९०४ साली या अडचणीवरील तोडग्याचे पेटंट मिळविले. त्याच्या साधनाचे दोन भाग होते : एक होल्डरात फिरवून कायम बसवावयाचा व दुसरा त्यात सरळ खोचावयाचा आणि सहज ओढून काढावयाचा. आज भिंतीतील सॉकेट ही मूळ वस्तू व अ‍ॅडॅप्टर ही उपरी वस्तू असे वाटते; परंतु इतिहासाचा क्रम उलटा आहे. प्लगाचा जन्मच दिव्याच्या व्यवस्थेत इतर साधनांना शिरकाव करून देणारा अ‍ॅडॅप्टर म्हणून झाला. ब्रिटन व भारत येथे होल्डर आट्यांचा नसून खटक्याचा होता. त्यात बसणारे प्लगही निघाले, आणि बल्ब काढून त्या जागी इस्त्रीची वा रेडिओची तार लावण्याची रीत भारतीय घरांत दीर्घकाळ चालू राहिली.

३. कंप्रता : खरेदीतून घडलेला भूगोल

एकदिश प्रवाहाच्या जागी प्रत्यावर्ती प्रवाह आल्यावर कंप्रतेचा नवा प्रश्न उपस्थित झाला. आवर्तने फार कमी असल्यास दिव्याचा प्रकाश डोळ्यांस थरथरताना दिसतो. फार अधिक असल्यास त्यावेळची चलित्रे व लांब पल्ल्याच्या तारा नीट काम देत नसत. १८९१ मधील लाउफेन ते फ्रँकफुर्ट हे प्रसिद्ध विद्युत्वहन ४० आवर्तनांवर झाले, तर १८९५ साली सुरू झालेले नायगाराचे केंद्र २५ आवर्तनांचे होते. पुढे जर्मनीतील एईजी कंपनीने ५० आणि अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने ६० हा आकडा धरला. दोहोंमध्ये गुणांचा निर्णायक फरक नव्हता. फरक पडला तो कोणत्या शहराने कोणाचे जनित्र विकत घेतले यावरून.

याचे अत्यंत बोलके उदाहरण जपान होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात टोकियोच्या वीजकंपनीने एईजीची ५० आवर्तनांची, तर ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची ६० आवर्तनांची जनित्रे खरेदी केली. प्रत्येक शहराभोवती जाळे पसरत गेले व अखेर देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्व भागातील अणुविद्युत् केंद्रे बंद पडली. त्या वेळी पश्चिमेकडील वीज पूर्वेस देणे कंप्रता बदलणाऱ्या केंद्रांतूनच शक्य होते, आणि त्यांची एकूण क्षमता सुमारे १० लाख किलोवॅट एवढीच होती. टोकियो परिसरात पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. शतकापूर्वीच्या दोन खरेदी-व्यवहारांचे परिणाम एवढ्या दूरवर पोहोचले. २०२१ साली ही क्षमता दुपटीने वाढविण्यात आली. दोन्ही भागांची कंप्रता एक करण्याचा मार्ग मात्र पत्करण्यात आला नाही.

भारतातही या गोष्टीचे उदाहरण सापडते. म्हैसूर संस्थानातील शिवसमुद्रम येथून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींस वीज मिळू लागली. तेथील यंत्रसामग्री अमेरिकी होती आणि कंप्रता २५ होती. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागलेली वीज मात्र ५० आवर्तनांची होती. पुढे देशाचे जाळे ५० आवर्तनांवर उभे राहिले व २५ आवर्तनांचे क्षेत्र हा अपवाद ठरला.

कंप्रतेचा थर मुळीच बदलत नाही असे नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एकट्या लंडनमध्ये सुमारे ७० पुरवठादार, १० कंप्रता व २४ दाब असल्याची नोंद वारंवार दिली जाते. ब्रिटिश संसदेने १९२६ साली कायदा करून केंद्रीय वीजमंडळ स्थापन केले, राष्ट्रीय जाळे उभारले आणि ५० आवर्तनांचे प्रमाण लावले. ४० आवर्तनांवर चालणाऱ्या ईशान्य इंग्लंडसारख्या भागासही बदलावे लागले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या दक्षिण भागात नायगाराच्या वारशाने २५ आवर्तने चालत. १९४९ ते १९५९ या दहा वर्षांत तेथील सार्वजनिक वीजसंस्थेने ती बदलून ६० केली व त्यासाठी घरोघरची धुलाईयंत्रे, शीतकपाटे व घड्याळे यांची चलित्रे बदलून दिली. दोन्ही उदाहरणांत बदलाचा खर्च एका सार्वजनिक संस्थेने आपल्या अंगावर घेतला, ही बाब महत्त्वाची आहे.

४. अर्थिंग आणि राष्ट्रीय आकृत्या

दिव्यास दोन तारा पुरत. परंतु धातूच्या कवचाची इस्त्री, किटली, शेगडी घरात आल्यावर तारेचे आवरण झिजून कवचातच प्रवाह उतरण्याचा धोका निर्माण झाला. कवच जमिनीशी जोडणारी तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, हा त्यावरील उपाय. दाब जेथे २२० वा २४० व्होल्ट होता तेथे ही निकड अधिक तीव्र होती. १९२० ते १९५० या काळात प्रत्येक देशाने ही तिसरी जोडणी आपापल्या पद्धतीने बसविली आणि प्लगांच्या आकृत्या कायमच्या वेगळ्या झाल्या.

जर्मनीने पिना दोनच ठेवून सॉकेटाच्या कडांवर अर्थिंगच्या पट्ट्या बसविल्या; ‘शुको’ हे तिचे नाव संरक्षक संपर्क या अर्थाच्या जर्मन शब्दाचा संक्षेप आहे. फ्रान्सने अर्थिंगची पिन प्लगात न ठेवता सॉकेटात ठेवली. इटलीत प्रकाशासाठीची वीज व यंत्रांसाठीची वीज यांचे दर वेगळे होते. म्हणून दोहोंची सॉकेटेही १० व १६ अँपिअर अशी दोन मापांची झाली, जेणेकरून महाग दराच्या दिव्याच्या तारेवर शेगडी व स्वस्त दराच्या तारेवर दिवा सहज लावता येऊ नये. दरपत्रकातील भेद नाहीसा झाला, तरी सॉकेटांतील भेद शिल्लक राहिला.

ब्रिटनने १९३४ साली तीन गोल पिनांचे ‘बीएस ५४६’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात २, ५, १५ व ३० अँपिअर अशी मापे होती. मोठा प्लग लहान सॉकेटात शिरू शकत नसल्याने प्रत्येक तारेवरचा भार आकृतीनेच मर्यादित होई. या पद्धतीचा दोष असा की प्रत्येक सॉकेटास केंद्रापासून स्वतंत्र तार न्यावी लागे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या घरांची पुनर्रचना कशी करावी याचा विचार करण्यासाठी १९४२ साली एक समिती नेमण्यात आली. स्त्रियांच्या विद्युत् संघटनेच्या संचालिका कॅरोलाइन हॅस्लेट या तीत एकमेव स्त्री सदस्य होत्या. समितीने घराभोवती कड्यासारखी एकच तार फिरवून तिच्यावर अनेक सॉकेटे बसविण्याची योजना सुचविली. तांब्याची टंचाई असलेल्या काळात तीत तांब्याची बचत होती. मात्र कड्याचा फ्यूज ३० अँपिअरचा असल्याने उपकरणाच्या बारीक तारेचे रक्षण करण्यासाठी प्लगातच लहान फ्यूज घालणे भाग पडले. १९४७ च्या ‘बीएस १३६३’ या प्रमाणातील चौकोनी पिनांचा, फ्यूज असलेला १३ अँपिअरचा प्लग असा जन्मास आला. त्याची अर्थिंगची पिन इतरांहून लांब असते व ती आत जाताच सॉकेटातील झडपा उघडतात. जुन्या गोल पिना नव्या सॉकेटात चुकूनही जाऊ नयेत म्हणून आकृती हेतुपुरस्सर वेगळी ठेवली होती. जुनी सॉकेटे तरीही पुष्कळ काळ टिकली. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे उपकरणे प्लगाविना विकली जात व ग्राहक आपल्या घरातील सॉकेटानुसार प्लग बसवून घेत. प्लग बसवूनच उपकरण विकण्याची सक्ती १९९४ च्या नियमांनी आली.

या इतिहासाचे व्यावहारिक तात्पर्य प्रवाशाच्या जिवाशी संबंधित आहे. प्रत्येक राष्ट्रीय आकृतीत अर्थिंग, फ्यूज व झडपा यांची एक संपूर्ण सुरक्षायोजना सामावलेली असते. अ‍ॅडॅप्टर दोन आकृतींना जोडतो, परंतु दोन सुरक्षायोजनांना जोडीलच असे नाही. कित्येक स्वस्त अ‍ॅडॅप्टरांत अर्थिंगची जोडणीच नसते. जर्मन प्लगाच्या पिना ४.८ मिलिमीटर जाडीच्या व त्यांतील अंतर १९ मिलिमीटर; भारतीय लहान प्लगाच्या पिना सुमारे ५.१ मिलिमीटर जाडीच्या व अंतर पाऊण इंच, म्हणजे जवळजवळ तेवढेच. यामुळे जर्मन प्लग भारतीय सॉकेटात पुष्कळदा बसतो, उपकरण चालतेही. पण त्याचे अर्थिंग तुटलेले असते. लंडनच्या सॉकेटातील झडप पेनच्या टोकाने उघडून त्यात दोन पिना खोचणारा प्रवासी समितीने योजलेले झडपांचे व प्लगातील फ्यूजचे संरक्षण एका हालचालीत निकामी करीत असतो. प्लग बसला म्हणजे जोडणी सुरक्षित झाली, ही समजूत या सर्वांच्या मुळाशी आहे.

५. भारताचा वारसा

भारतात विजेचा व्यवसाय ब्रिटिश अमलाखाली वाढला. मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी स्थापन झाली. १९१० साली भारतीय विद्युत् अधिनियम झाला. तारा, स्विचे, होल्डर व प्लग ब्रिटिश प्रमाणांनुसार येत. ब्रिटनने आपले गोल पिनांचे प्रमाण मागे टाकले ते १९४७ सालीच, आणि त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने १९५८ साली ‘आयएस १२९३’ हे तीन पिनांच्या प्लगांचे प्रमाण प्रसिद्ध केले, ते ‘बीएस ५४६’ च्या आधारे. ज्या देशाने हे प्रमाण निर्माण केले त्याच्या घरांतून ते हळूहळू नाहीसे झाले, आणि ज्या देशास ते राज्यकर्त्यांकडून मिळाले तेथे त्याचा विस्तार झाला.

हा केवळ अनुकरणाचा परिणाम मानणे न्याय्य ठरणार नाही. ब्रिटनपुढे लक्षावधी नव्या घरांत एकाच वेळी तारा घालण्याचा प्रसंग होता. भारतापुढे प्रश्न होता तो ज्या गावांत वीजच नाही तेथे ती नेण्याचा. प्रचलित प्रमाण बदलण्यात खर्च करण्यापेक्षा त्याच प्रमाणावर विस्तार करणे हा त्या परिस्थितीतील स्वाभाविक मार्ग होता. घराघरांतील बोलीतही हा इतिहास उमटला आहे : ५ अँपिअरचा तो ‘लाइट पॉइंट’ आणि १५ अँपिअरचा तो ‘पॉवर पॉइंट’. पुढील आवृत्त्यांत ही मापे ६ व १६ अँपिअर अशी झाली, तरी आकृतीचे मूळ १९३४ चेच आहे. दोन्ही मापांचे प्लग घेणारी जोडसॉकेटे व कोणत्याही देशाचा प्लग सामावून घेणारी ‘युनिव्हर्सल’ सॉकेटे ही बाजाराने केलेली तडजोड होय. पहिल्या सॉकेटात आकृतीने भार मर्यादित करण्याचे मूळ तत्त्व सैल होते. दुसऱ्यात अर्थिंग व घट्ट संपर्क यांची शाश्वती राहत नाही, आणि सैल संपर्क म्हणजे उष्णता.

६. जागतिक प्लगाचा प्रयत्न

१९०४ साली सेंट लुइस येथे भरलेल्या विद्युत् परिषदेच्या ठरावातून आंतरराष्ट्रीय आयोग निर्माण झाला व लॉर्ड केल्व्हिन हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. एकके, संज्ञा, यंत्रांची क्षमता यांविषयी आयोगास पुष्कळ यश आले. प्लगाविषयी १९३० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या विचारास महायुद्धाने खंड पडला. आणि युद्धानंतर पाहावे तो राष्ट्रीय प्रमाणे घरांच्या भिंतींत पक्की झालेली होती. १९५७ साली आयोगाने प्लगांविषयी जे प्रकाशन केले ते प्रमाण नव्हते, तर निरनिराळ्या देशांत काय चालते याची सूची होती.

युरोपात विद्युत् उपकरणांच्या मान्यतेचे नियम करणाऱ्या ‘सीईई’ या संस्थेने १९५१ साली प्लगांचे नियम प्रसिद्ध केले. पुढे १९६३ साली तीत दोन बारीक, किंचित लवचिक पिनांच्या प्लगाची भर पडली. २.५ अँपिअरचा हा ‘युरोप्लग’ रेडिओ, दाढीचे यंत्र अशा अर्थिंगची गरज नसलेल्या हलक्या उपकरणांसाठी असून तो जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड व डेन्मार्क या सर्वांच्या सॉकेटांत बसतो. येथे भिंतीस हात लावलेला नाही; प्लगच असा केला की त्याने अनेक भिंती मानून घ्याव्यात. याउलट युरोपीय आर्थिक समुदायाने १९७३ साली कमी दाबाच्या विद्युत् साधनांविषयी जो निर्देश काढला, त्यातून घरगुती प्लग व सॉकेटे स्पष्टपणे वगळण्यात आली.

आयोगाचे जागतिक प्रमाण अखेर १९८६ साली आले. २५० व्होल्टपर्यंतच्या, १६ अँपिअरच्या तीन गोल पिनांच्या या प्लगाची रचना सुटसुटीत व सुरक्षित आहे. परंतु ११०–१२० व्होल्टच्या देशांसाठी १९९२ साली निराळ्या आकृतीचा दुसरा भाग काढावा लागला. कारण दोन दाबांना एकच आकृती दिली तर आकृतीतून मिळणारी धोक्याची सूचनाच नाहीशी होते. एक प्लग व्हावा म्हणून आरंभिलेले कार्य तत्त्वतःच दोन प्लगांवर येऊन थांबले. ब्राझीलने या प्रमाणाच्या आधारे, काही फेरफार करून, आपला राष्ट्रीय प्लग केला व २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने त्याची सक्ती केली. त्या देशात कोठे १२७ तर कोठे २२० व्होल्ट दाब असून दोहोंसाठी तीच आकृती वापरली जाते. म्हणजे जी संदिग्धता आयोगाने टाळली ती तेथे राहिली. दक्षिण आफ्रिकेनेही हे प्रमाण स्वीकारून नव्या वास्तूंत आणण्यास आरंभ केला, परंतु जुन्या घरांत भारतीय १५ अँपिअरच्या प्लगाचे भावंड असलेला गोल पिनांचा मोठा प्लग अद्याप नांदत आहे. दोन प्रमाणांमधील संक्रमणकाळात अ‍ॅडॅप्टरांची गरज कमी न होता वाढते, हा या दोन्ही देशांचा अनुभव आहे.

दाबाच्या बाबतीत आयोगाने १९८३ साली युरोपातील २२० व ब्रिटनमधील २४० यांच्या जागी २३० व्होल्ट हा मधला आकडा ठरविला. ब्रिटनमध्ये तो १९९५ पासून लागू झाला. परंतु अनुज्ञेय चढउताराची मर्यादा अशी ठेवली की प्रत्यक्ष पुरवठ्यात फारसा फरक करावा लागू नये. दीर्घायुषी थराविषयीची ही एकवाक्यता मुख्यतः कागदावरची होती.

७. उपकरणाच्या टोकाशी झालेली एकता

भिंतीच्या टोकाशी जे साधले नाही ते तारेच्या दुसऱ्या टोकाशी बऱ्याच अंशी साधले. उपकरणात खोचावयाच्या, सुट्या होणाऱ्या तारेचे प्रमाण आयोगाने १९७० साली प्रसिद्ध केले. संगणकाच्या मागे बसणारे तीन पिनांचे जोड किंवा इंग्रजी आठाच्या आकृतीचे लहान जोड जगभर सारखेच आहेत. त्यामुळे उत्पादकास यंत्र एकच करून तारा तेवढ्या देशोदेशीच्या घालता येऊ लागल्या, आणि प्रवाशासही परक्या शहरात केवळ तार विकत घेऊन काम भागविता येऊ लागले.

याहून मोठा बदल उपकरणाच्या आत झाला. जुन्या रेडिओत लोखंडी गाभ्याचे जड रोहित्र असे व मागील बाजूस ११० आणि २२० यांमध्ये फिरवावयाचा खटका असे. नव्या पद्धतीच्या वीजपुरवठ्यात येणारा प्रवाह प्रथम एकदिश केला जातो, मग अतिशय वेगाने तोडून जोडून हवा तो दाब मिळविला जातो. प्रवाह आरंभीच एकदिश होत असल्याने ५० व ६० यांतील भेद निरर्थक होतो. आणि तोडजोडीचे प्रमाण आपोआप बदलत असल्याने दाबही कोणता आहे यास महत्त्व राहत नाही. लॅपटॉपच्या वा मोबाइलच्या चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे जे बारीक अक्षरांत छापलेले असते, त्या एका ओळीत एडिसनचा दिवा, बर्लिनचा निर्णय आणि टोकियो-ओसाकाची खरेदी या सर्वांचा निकाल लागलेला असतो. अशा उपकरणास खरोखर केवळ अ‍ॅडॅप्टर पुरतो. भिंतीतील शतकाचा भेद उपकरणाने आपल्या पोटात घेतला. आणि त्याचा खर्च कोणत्याही सरकारने नव्हे, तर प्रत्येक ग्राहकाने उपकरणाच्या किमतीतून थोडाथोडा उचलला.

त्यापुढची पायरी म्हणजे कमी दाबाचा एकदिश प्रवाह. १९९६ साली संगणकास साधने जोडण्यासाठी आलेला यूएसबी हा जोड पुढे चार्जिंगचा जोड झाला. २०१४ साली त्याची दोन्ही बाजूंनी बसणारी ‘सी’ आकृती ठरली. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या मोबाइलांना ही आकृती सक्तीची झाली, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. ज्या युरोपाने १९७३ साली भिंतीतील प्लग निर्देशातून वगळला, त्याच युरोपाने उपकरणाचा प्लग कायद्याने एक केला. फरक हाच की मोबाइलचे आयुष्य थोड्या वर्षांचे असते. काही वर्षे थांबले की जुना थर आपोआप गळून पडतो. कोणाच्याही घराची भिंत फोडावी लागत नाही.

८. उपसंहार

ही एकता सर्वत्र पोहोचलेली नाही व तिची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. जेथे विजेपासून उष्णता किंवा मोठी गती मिळवावयाची असते, तेथे जुने भेद पूर्ववत आहेत. अमेरिकेस जाणारे मराठी कुटुंब येथील २३० व्होल्टचा मिक्सर बरोबर नेते, तेव्हा अ‍ॅडॅप्टर लावूनही चटणी वाटली जात नाही. निम्म्या दाबावर मिक्सर मंदावतो. दाब वाढविणारे रोहित्र मिक्सरच्या वॅटइतके समर्थ हवे, आणि तसे रोहित्र कित्येक किलो वजनाचे असते. म्हणूनच त्या देशासाठी ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर वेगळे बनविले जातात. उलट तेथून आणलेली केस वाळविण्याची वा सरळ करण्याची साधने येथे पहिल्याच वापरात जळतात. लॅपटॉप चालला म्हणून इस्त्रीही चालेल, हे अनुमान करणारा प्रवासी दोन निरनिराळ्या शतकांतील साधनांना एकच नियम लावीत असतो.

या सर्व इतिहासातून प्रमाणीकरणाविषयी एक सिद्धान्त हाती येतो. उत्तम प्रमाण कोणते हे ठरविणे तुलनेने सोपे असते. ते १९८६ साली ठरलेही. अवघड असते ते आधीच घातलेल्या तारा काढणे. बर्लिनमध्ये ते ग्राहक थोडे असताना झाले, ब्रिटन व ऑन्टॅरिओ येथे सार्वजनिक संस्थेने खर्च सोसला म्हणून झाले, आणि चार्जरच्या बाबतीत थर अल्पायुषी होता म्हणून झाले. या तीनपैकी एकही परिस्थिती जेथे नव्हती, तेथे भेद टिकून राहिले. भारतात आज उभी राहत असलेली घरे, विजेवर चालणाऱ्या वाहनांची चार्जिंग-केंद्रे आणि छतावरील सौरपटलांची जोडणी यांविषयी जे निर्णय घेतले जातील, ते याच अर्थाने दीर्घायुषी थरांचे निर्णय आहेत. त्यांची दुरुस्ती करण्याचा सर्वांत स्वस्त काळ भिंत बांधण्यापूर्वीचा असतो. प्रवाशाच्या पेटीतील अ‍ॅडॅप्टर हा तो काळ निसटल्याचा पुरावा होय.